दुबळ्या गटातला पहिला, तगड्या गटातला दुसरा

भातकापणी उरकली की पाताळगंगेच्या काठची शेतं मोकळी होतात. एखाद्या मोठ्या शेताची ढेकळं फोडून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान तयार होतं. मांडव पडतो, लाउडस्पीकर लागतो आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. पनवेल-रोहा मार्गावरचं आमचं आपटा स्टेशन बाहेरच्यांना सिनेमांतल्या चित्रीकरणामुळे माहीत असतं. आम्हा गावकऱ्यांचा सिनेमा मात्र डिसेंबर ते मे या शेतांतच चालतो.

१९९४ सालची गोष्ट. आमच्या पट्ट्यातल्या एका स्पर्धेत सोळा संघांचे चार गट पाडले होते. गट पाडण्याचं सूत्र साधं होतं: जवळजवळची गावं एकत्र, म्हणजे येण्याजाण्याचा खर्च वाचेल. प्रत्येक गटातला फक्त पहिला संघ उपांत्य फेरीत जायचा. आमच्या गटात त्या भागातले तीन नावाजलेले संघ आले. आम्ही दोन सामने जिंकलो, तिसरा चार धावांनी हरलो आणि घरी बसलो. डोंगराकडच्या गटातून एका आदिवासी वाडीचा संघ पुढे गेला. त्यांनी एक सामना खेळून जिंकला होता, एक समोरचा संघ न आल्याने पुढे चाल मिळून, आणि एक चांगलाच हरले होते. त्यांची निम्मी माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली. उरलेल्यांत दोघंतिघं तर शाळकरी पोरं होती.

आयोजकांकडे तक्रारीचा अर्ज मीच लिहिला. मला तेव्हा अक्षर बरं असल्याचा अभिमान होता. 'दुबळ्या गटातला पहिला हा तगड्या गटातल्या दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ कसा?' असं एक वाक्य त्यात होतं आणि ते मला फार आवडलं होतं. अर्ज फेटाळला गेला. उपांत्य सामन्यात वाडीचा संघ सहा षटकांत २३ धावांत गारद झाला, तेव्हा सीमेवर उभं राहून सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्यांत मी होतो.

पुढच्या वर्षी आयोजकांनी माझं म्हणणं मान्य केलं. गट मोडले, सोळा चिठ्ठ्या टाकल्या, सरळ बाद फेरी ठेवली. वाडीच्या संघाची पहिल्याच सामन्यात सगळ्यात बलाढ्य संघाशी गाठ पडली. अर्ध्या तासात सामना संपला. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी नाव दिलं नाही, आणि नंतर कित्येक वर्षं दिलं नाही.

रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता जुन्या धावफलकांचा नाद मला लागला तो पुढे. रद्दीवाल्यांकडची क्रीडा वार्षिकं, वाचनालयातले जुने अंक, निवृत्त पंचांच्या वह्या असं काय काय जमवत गेलो. रीतसर इतिहास मी शिकलेलो नाही. पण रणजी करंडकाचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आलं की आमच्या शेतातलं भांडण देशाच्या मोठ्या मैदानावर नव्वद वर्षं चालू आहे, आणि तिथेही मधली बरीच वर्षं घरी बसलेला दुसरा संघ महाराष्ट्र नावाचाच होता.

*

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. देश मोठा, प्रवास आगगाडीचा, संस्थांकडे पैसा बेताचा. म्हणून संघांची भौगोलिक विभागणी झाली: उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम, १९५२-५३ पासून मध्य विभागाची भर पडली. आधी विभागातल्या विभागात बाद पद्धतीनं खेळायचं, विभागाचा विजेता ठरवायचा आणि मग विजेत्यांनी आपसांत लढायचं. १९५७-५८ पासून विभागातले सामने साखळी पद्धतीचे झाले, पण पुढे जाणारा संघ एकच राहिला. सूत्र आमच्या आयोजकांचंच होतं, गाडीभाडं वाचवण्याचं.

नकाशावर विभाग सारखे दिसत असले, तरी मैदानावर ते सारखे नव्हते. पहिल्या २४ हंगामांचे विजेते मांडून पाहा. मुंबई नऊ वेळा, बडोदा चार वेळा, महाराष्ट्र दोनदा, नवानगर आणि वेस्टर्न इंडिया प्रत्येकी एकदा. हे पाचही संघ पश्चिम विभागातले. २४ पैकी १७ करंडक एका विभागाकडे, आणि उरलेल्या सगळ्या देशाकडे मिळून सात. त्या सातांतलेही चार एकट्या होळकर संघाचे.

याचा अर्थ असा की पश्चिमेत दुसरा येणारा संघ अनेकदा देशातही दुसरा असू शकत होता, पण ते सिद्ध करायला त्याला मैदानच मिळत नव्हतं. हा अन्याय कायम एकाच संघाच्या वाट्याला आला असंही नाही. प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला, तेव्हा घरी बसण्याची पाळी मुंबईची होती.

*

विभागांच्या या भिंती नसत्या तर काय झालं असतं? असले प्रश्न इतिहासात सहसा निरुत्तर राहतात. इथे मात्र उत्तर आहे, कारण १९४८-४९ या एकाच हंगामात विभाग बाजूला ठेवून स्पर्धा खेळवली गेली.

तो हंगाम बहुतेकांना भाऊसाहेब निंबाळकरांमुळे आठवतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी असताना पाहुण्या संघानं पुढे खेळायलाच नकार दिला. ही हळहळ आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. माझ्या दृष्टीनं त्या हंगामातली अधिक बोलकी गोष्ट पुढे घडली.

उपांत्य फेरीत मुंबई आणि महाराष्ट्र हे एकाच विभागातले दोन संघ पुण्यात समोरासमोर आले. विभाग असते तर ही गाठ त्या टप्प्यावर पडणं शक्यच नव्हतं. मार्च १९४९ मध्ये सात दिवस चाललेल्या त्या सामन्यात मुंबईनं ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या, तर महाराष्ट्रानं ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा आणि नऊ शतकं. माधव मंत्रींचं द्विशतक. उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि महाराष्ट्राचे मधुसूदन रेगे यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला, पण चौथ्या डावात सहाशे धावा काढून हरला. अंतिम फेरीत मुंबईसमोर आला बडोदा, म्हणजे पुन्हा पश्चिम विभागच.

भिंत एक वर्ष काढली आणि शेवटच्या चार संघांत पश्चिमेचे तीन निघाले. इतका स्वच्छ पुरावा हाती असूनही पुढच्या वर्षी विभाग परत आले. का आले, हे समजायला फार खोल जावं लागत नाही. मोकळ्या सोडतीत दुबळ्या संघाला पहिल्याच फेरीत बलाढ्य संघ भेटू शकतो आणि त्याचा हंगाम एका सामन्यात संपतो. विभागात निदान शेजाऱ्याशी तरी बरोबरीची लढत मिळते. वाडीच्या संघाचं १९९५ साली जे झालं ते मला इथे आठवतं.

*

त्यानंतर आला मुंबईचा सुवर्णकाळ. १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग १५ करंडक मुंबईनं जिंकले. आपण त्याचा अभिमान बाळगतो आणि बाळगावाही. पण या विक्रमाची एक मागची बाजू आहे. १९६९-७० पर्यंत विभागातून एकच संघ पुढे जात होता. मुंबई दर वर्षी करंडक जिंकत होती, म्हणजे पश्चिमेतून दर वर्षी तीच पुढे गेली, हे ओघानंच आलं. पर्यायानं सलग बारा हंगाम महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र या चार संघांतल्या एकालाही विभागाबाहेरचा सामना खेळायला मिळाला नाही.

यात कोण होते? महाराष्ट्राकडे चंदू बोर्डे होते. गुजरातकडे भारताचं नेतृत्व केलेले नरी कॉन्ट्रॅक्टर होते. १९६३-६४ मध्ये हेमंत कानिटकर महाराष्ट्राकडून आले आणि पहिल्याच सामन्यात शतक ठोकून बसले. तिथपासून सात हंगाम त्यांच्या संघाची मजल मुंबईच्या वेशीपर्यंतच.

त्याच काळात मध्य विभागातून राजस्थान वारंवार पुढे येत होता. १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात राजस्थान आठ वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि आठही वेळा हरला. 'सोप्या विभागातून येतात आणि अंतिम सामन्यात मार खातात' असं त्यांच्याबद्दल आमच्याकडचे जुने लोक म्हणत. पण हे बोलणं पुरतं खरं नाही. अंतिम फेरीपर्यंत पोहोचायला राजस्थानला इतर विभागांच्या विजेत्यांना हरवावं लागत होतं. त्यांच्याकडे सलीम दुराणी आणि हनुमंत सिंग होते. आपले विनू मंकड आणि विजय मांजरेकरही त्यांच्याकडून खेळले. विभाग दुबळा असला म्हणून त्याचा विजेता दुबळा ठरत नाही.

१९७०-७१ मध्ये नियम बदलला. प्रत्येक विभागातून पहिले दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले. आणि त्या पहिल्याच वर्षी अंतिम सामना कोणात झाला? मुंबई आणि महाराष्ट्रात. मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या संघानं महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवलं. आदल्या वर्षीचाच नियम असता तर या दोघांतला एक संघ जानेवारीतच किट बॅग बांधून घरी गेला असता.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की या सुधारणेनं कोणाचंही पान काढून घेतलं नाही. पूर्वेचा विजेता, मध्यचा विजेता आपापल्या जागी राहिलेच. १९७५-७६ मध्ये बिहारनं अंतिम फेरी गाठली. पंगतीत पानं वाढवली इतकंच. १९९२-९३ मध्ये आणखी एक पान वाढवलं, विभागातून तीन संघ. आणि २००२-०३ मध्ये विभागच मोडून एलिट आणि प्लेट असे दोन स्तर झाले.

*

स्तर झाले आणि जुना प्रश्न नव्या कपड्यांत आला. खालच्या स्तरातल्या विजेत्याला मोठ्या करंडकासाठी खेळू द्यावं का? २००८-०९ पासून प्लेटमधल्या दोन संघांना उपांत्यपूर्व फेरीची दारं उघडली. टीका झाली: वर्षभर कच्च्या संघांशी खेळून आलेल्यांना मुंबई-कर्नाटकाच्या पंगतीत कशाला बसवायचं?

२०१०-११ चा हंगाम आला. प्लेट गटात राजस्थाननं हैदराबादला २१ धावांत गुंडाळलं. रणजीतली ती नीचांकी धावसंख्या. दीपक चहर नावाच्या पोरानं पदार्पणात १० धावांत ८ बळी घेतले. असा संघ प्लेटमधून वर आला आणि त्यानं आधी गतविजेत्या मुंबईला, मग तामिळनाडूला मागे टाकलं आणि जानेवारी २०११ मध्ये बडोद्यात बडोद्याविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक जिंकला. आठ अंतिम पराभवांनंतरचं राजस्थानचं ते पहिलं विजेतेपद. पुढच्या वर्षी एलिटमध्ये खेळून त्यांनी ते राखलंही.

योगायोग असा की अंतिम सामना सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, ८ जानेवारीला, अमेरिकेत हाच वाद पेटलेला होता. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये चार-चार संघांचे आठ गट असतात आणि गटविजेत्याला बाद फेरीत हक्काची जागा, वर घरच्या मैदानावर सामना मिळतो. सिॲटलचा संघ १६ पैकी फक्त सात सामने जिंकून, नऊ हरून आपल्या दुबळ्या गटात पहिला आला होता. दहा-दहा सामने जिंकलेले दोन संघ बाहेर राहिले. सिॲटलसमोर होता ११ सामने जिंकलेला गतविजेता न्यू ऑर्लिन्स. सिॲटलनं तो सामना ४१-३६ असा जिंकला.

राजस्थानच्या विजयात आपल्यासाठी आणखी एक धागा आहे. त्या संघाचा कर्णधार पुण्याचा हृषीकेश कानिटकर होता. ढाक्यातल्या त्या चौकारामुळे सगळ्यांच्या लक्षात असलेला हृषीकेश म्हणजे हेमंत कानिटकरांचा मुलगा. बाप तगड्या विभागात खेळला म्हणून सात हंगाम दाराबाहेर राहिला. मुलगा दुबळ्या गटाच्या दारानं आत शिरला आणि करंडक घेऊन बाहेर आला. एकाच घरात या वादाच्या दोन्ही बाजू आहेत. माझ्या अर्जातलं वाक्य मी हेमंतरावांसमोर वाचू शकलो असतो. हृषीकेशसमोर मात्र वाचवलं नसतं.

*

इथे थांबलो तर लेख सोपा होईल, पण तो अर्धवट राहील. दुसऱ्या बाजूचे आकडेही वहीत आहेत आणि ते बोचरे आहेत.

२०१८-१९ मध्ये नऊ नवे संघ रणजीत आले. त्यांच्या प्लेट गटातून उत्तराखंड पहिल्याच वर्षी उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि नागपुरात विदर्भाकडून एक डाव आणि ११५ धावांनी हरला. विदर्भ पुढे विजेता झाला. २०२१-२२ मध्ये करोनामुळे हंगाम आखूड केला. चार-चार संघांचे आठ एलिट गट आणि एक प्लेट गट, गटातून एकच संघ पुढे. आठ एलिट विजेत्यांतल्या तळाच्या झारखंडला प्लेटविजेत्या नागालँडशी आधी खेळायचं होतं. झारखंडनं पहिल्या डावात ८८० धावा केल्या आणि सामना थांबला तेव्हा त्यांची एकूण आघाडी होती १००८ धावांची. उपांत्यपूर्व फेरीत मुंबईनं गटविजेत्या उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवलं. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या साऱ्या इतिहासात धावांच्या फरकानं इतका मोठा विजय कोणी मिळवलेला नव्हता. आणि त्याच वर्षी मुंबईच्या गटात असलेला गतविजेता सौराष्ट्र घरी बसला होता. पुन्हा १९६० चं दशक, फक्त विभागाऐवजी 'गट' हा शब्द.

आमच्या गावाच्या नावाचं झाड सगळ्यांना ठाऊक आहे. दसऱ्याला त्याचं पान सोनं असतं, कारण सगळ्यांनी मिळून तसं ठरवलेलं असतं. तेच पान दुसऱ्या दिवशी सोनाराकडे नेलं तर तो काय करील? गटविजेतेपद बरंचसं असंच आहे. ते नियमानं सोनं ठरतं. उत्तराखंडचं पान सोनाराकडे गेलं आणि ७२५ धावांचा निकाल लागला. राजस्थानचं गेलं आणि ते खरंच सोनं निघालं. कसोटी लावल्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही, इतकंच इतिहास सांगतो.

२०२२-२३ पासून मंडळानं वेगळा तोडगा काढला. एलिटचे आठ-आठ संघांचे चार गट, प्रत्येकातून दोन संघ पुढे. प्लेट वेगळा, तिथले पहिले दोन तेव्हा पुढच्या वर्षी एलिटमध्ये जात. तगड्या गटातल्या दुसऱ्यावरचा अन्याय यानं बराच कमी झाला. खालच्या संघाला मात्र त्याच वर्षी करंडक उचलण्याची वाट बंद झाली. २०१०-११ चा राजस्थान आज घडू शकत नाही. त्या संघाला एक वर्ष थांबावं लागेल.

मला विचाराल तर या नव्वद वर्षांतून मी एवढंच शिकलो: दुबळ्या गटातल्या पहिल्याला आत घेणं ही चूक कधीच नव्हती. तगड्या गटातल्या दुसऱ्याला बाहेर ठेवणं ही चूक होती. आपण दोन्ही गोष्टी एकच समजतो आणि दुसऱ्यावरचा अन्याय दूर करायला पहिल्याला उठवतो. १९७०-७१ मध्ये ते केलं नाही, आणि तीच रणजीतली मला सगळ्यात शहाणी वाटलेली सुधारणा आहे. गटविजेत्याची जागा हे त्याच्या ताकदीचं प्रमाणपत्र नसतं. डोंगराकडच्या, कोपऱ्यातल्या, गरिबीतल्या संघांनी पुढच्या वर्षीही खेळायला यावं म्हणून स्पर्धेनं दिलेला तो शब्द असतो. शब्द महाग पडतो, कधी १००८ धावांनी महाग पडतो. तरी तो मोडला की काय होतं ते मी शेतात पाहिलं आहे.

*

गेल्या वर्षी आमच्या पट्ट्यातल्या स्पर्धेची नियमावली लिहायचं काम पोरांनी माझ्याकडे दिलं. सोळा संघ, चार गट. चारही विजेते आत. त्यांतले वरचे दोन थेट उपांत्य फेरीत. खालच्या दोघांनी सगळ्या गटांतल्या सर्वोत्तम दोन दुसऱ्यांशी एकेक जादा सामना खेळायचा. डोंगराकडचा गट मी मोडला नाही. वाडीत स्वतः जाऊन नाव घालायला सांगितलं. १९९४ च्या त्या संघातला एक जण आता चाळिशी ओलांडून गेला आहे. त्याचा मुलगा आताचा कप्तान.

वाडीचा संघ गटात पहिला आला. जादा सामन्यात त्यांच्यासमोर आलं आमचंच गाव, तगड्या गटातलं दुसरं. वहीत नोंद अशी आहे: वाडी, सहा षटकांत ४१, आपलं गाव, एक चेंडू राखून ४२. या वेळी सीमेवर कोणी हसलं नाही. शेवटच्या षटकात हसायला सवडच नव्हती.

मी धावफलकावर सह्या घेत होतो. वाडीचा कप्तान सही करून वाकला, म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी फी तेवढीच ना?"

मी म्हटलं, तेवढीच.